नाकावरचा छोटा उंचवटा: किती काढायचा, कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २७, नाकाच्या दांडीवर मधोमध छोटा उंचवटा, तो फक्त बाजूने पाहिलं की दिसतो. कधी मार लागलेला नाही, दोन्ही नाकपुड्यांतून श्वास मोकळा. एका ठिकाणी सांगितलं, 'अर्ध्या तासात घासून देतो'. दुसरीकडे पूर्ण राइनोप्लास्टी, म्हणजे नाकाला आकार देण्याची शस्त्रक्रिया सुचवली, तिसरीकडे फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचून भरायची जेल. यातलं बरोबर कोणतं?

तिन्ही बरोबर असू शकतात, कारण 'छोटा उंचवटा' हे निदान नव्हे. त्यात हाड किती, कूर्चा किती, आणि मुळात तो उंचवटा आहे की त्याच्या वरची किंवा खालची जागा खोल आहे, हे आधी ठरवावं लागतं. न तपासताच शस्त्रक्रियेचं नाव सांगणाऱ्याकडे जाऊ नका.

आधी रचना बघू. दांडीचा वरचा तिसरा हिस्सा हाडाचा, त्याखालचा कूर्चेचा. कूर्चेच्या भागात दोन बाजूंच्या वरच्या कूर्चा आणि मधला पडदा एकमेकांना जोडून एक छप्पर तयार होतं. हाड आणि कूर्चा जिथे भेटतात तिथे हाडाची कड कूर्चेवर काही मिलिमीटर चढलेली असते. उंचवटा बहुधा याच सांध्यावर असतो. हाताला तो कडक लागतो म्हणून सगळा हाडाचाच वाटतो, पण बऱ्याच नाकांत वर हाडाचा पातळ थर आणि खाली कूर्चेचा फुगवटा असाच प्रकार असतो. म्हणून नुसतं हाड घासलं की खालची कूर्चा तशीच वर राहते आणि महिन्या-दोन महिन्यांनी सूज ओसरल्यावर 'परत आला' अशी तक्रार येते. तो परत आलेला नसतो; अर्धा काढलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट त्वचेची. नाकाची त्वचा सगळीकडे सारखी नसते. कपाळाजवळ जाड, शेंड्याच्या वर पुन्हा जाड, आणि नेमकी या सांध्यावर सर्वांत पातळ. त्यामुळे आतली चौकट पट्टीने आखल्यासारखी सरळ केली तर बाहेरून नाक मधे खोलगट दिसतं. बाहेरून सरळ रेघ हवी असेल तर आत सांध्यावर किंचित फुगीरपणा ठेवावाच लागतो. छोट्या उंचवट्याच्या शस्त्रक्रियेत सर्वांत मोठी चूक कमी काढण्याची नसते, जास्त काढण्याची असते. अर्धा मिलिमीटर राहिला तर नंतर घासता येतो. अर्धा मिलिमीटर जास्त गेला तर तो पडद्याची किंवा कानाची कूर्चा आणून भरावा लागतो.

आता उंचवटा खरा की भासणारा, हे कसं ओळखायचं? सेल्फी बाजूला ठेवा. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत लेन्सच्या जवळ असलेलं नाक मोठंच दिसतं. सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणितात मांडलं होतं. कुणाला तरी दीड-दोन मीटर लांब उभं करून, थोडं झूम करून, बरोबर बाजूने फोटो काढायला सांगा. मान वर नको, खाली नको, हसू नका. हसताना शेंडा खाली ओढला जातो आणि उंचवटा जास्त उठून दिसतो.

त्या फोटोत तीन जागा बघा. पहिली नाकाचं मूळ, म्हणजे दोन डोळ्यांमधली सर्वांत खोल जागा. ती साधारण वरच्या पापणीचे केस आणि तिची घडी यांच्या दरम्यान असावी. ती खाली असेल किंवा फार खोल असेल तर तिच्याखालचं सरळ नाकही बाकदार वाटतं. फोटोवर तेवढा खळगा पेन्सिलीने भरून पाहा; उंचवटा निम्मा नाहीसा झाला तर तुम्हाला काढण्यापेक्षा भरण्याची गरज आहे. दुसरी जागा शेंडा. शेंडा झुकलेला किंवा बसका असेल तर त्याच्या मागची दांडी उंच भासते. शेंडा दोन मिलिमीटर उचलला की उंचवट्यातला एक मिलिमीटर काढायची गरजच उरत नाही. तिसरी जागा हनुवटी. ती मागे असेल तर कुठलंही नाक पुढे आल्यासारखं दिसतं, आणि नाक कितीही कापलं तरी समाधान होत नाही.

हे तिन्ही ठीक असतील तर उंचवटा खरा. मुळापासून शेंड्यापर्यंत सरळ रेघ मारा. पुरुषांच्या नाकात दांडी त्या रेघेवर किंवा तिला अगदी चिकटून असली तर चांगली दिसते, बायकांत एक-दोन मिलिमीटर मागे. रेघेच्या वर किती भाग येतो तो तुमचा उंचवटा. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर त्याला छोटा म्हणतात, आणि पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

आता कानशीने घासणं. उंचवटा दोन मिलिमीटरच्या आत आणि जवळजवळ सगळा हाडाचा असेल तर हे पुरतं. नाकपुडीच्या आतून, वरच्या आणि खालच्या कूर्चेच्या मधे छोटा छेद घेतात, त्यामुळे बाहेर व्रण नसतो. दांडीवरची त्वचा आणि हाडावरचं आवरण उचलून बोगदा करतात, त्यातून कानस घालून हाड उतरवतात. हे काम पूर्ण भूल न देता, जागा बधिर करून आणि हलक्या गुंगीत होऊ शकतं. दिसायला सोपं, पण दोन गोष्टी नेमक्या चुकतात. कानस आडवी, म्हणजे डावीकडून उजवीकडे फिरवली तर हाडाखाली चिकटलेली वरची कूर्चा सुटून खाली घसरते आणि काही महिन्यांनी एका बाजूला खाच दिसते. म्हणून ती तिरकी, मधल्या रेषेच्या जवळ चालवायची. दुसरं, हाडाचा भुगा. तो सलाइनने धुऊन काढला नाही तर पातळ त्वचेखाली खडे जाणवतात. घासताना डोळ्यांपेक्षा बोट जास्त सांगतं: हातमोजा ओला करून त्वचेवरून तीन ठिकाणी, मधे आणि दोन्ही कडांवर, बोट फिरवायचं, मग पुढचे दोन-चार हात मारायचे.

'अर्ध्या तासात' म्हणणारे बहुधा याबद्दल बोलत असतात. तुमच्या उंचवट्यात कूर्चेचा वाटा असेल तर ते उत्तर अपुरं आहे.

हाड आणि कूर्चा दोन्ही असतील तर आजची रूढ पद्धत म्हणजे भाग सुटे करून थोडं थोडं उतरवणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनच्या जाक योसेफ यांनी रूढ केलेल्या पद्धतीत उंचवटा करवतीने किंवा छिन्नीने एका तुकड्यात काढत. झटपट व्हायचं, पण हाड, पडदा आणि दोन्ही वरच्या कूर्चा एकाच सपाट्यात कापल्या जात आणि छप्पर उघडं पडे. आता आधी वरच्या कूर्चा पडद्यापासून सोडवतात, आणि हे करताना आतलं श्लेष्मल अस्तर फाटू देत नाहीत. मग फक्त पडद्याची वरची कड सुरीने किंवा कात्रीने अर्धा-एक मिलिमीटर, पुन्हा अर्धा मिलिमीटर अशी उतरवतात. त्यानंतर हाड कानशीने. वरच्या कूर्चा सर्वांत शेवटी, आणि जमलं तर त्यांना हातच लावायचा नाही. पडद्याला हात लावताना वर आणि पुढे किमान १० ते १५ मिलिमीटर रुंदीची पट्टी शाबूत राहिलीच पाहिजे. ती कमी झाली तर काही वर्षांनी दांडी खचते.

उंचवटा काढला की वरचं छप्पर थोडं उघडं पडतं. समोरून पाहिल्यावर दांडी चपटी आणि रुंद दिसते, दोन कडा बोटाला लागतात. दोन मिलिमीटरच्या आतल्या कामात कधी कधी ही फट नगण्य असते आणि तिथेच थांबता येतं. फट जाणवत असेल तर बाजूची हाडं कापून आत सरकवावी लागतात. त्यालाच ऑस्टिओटॉमी म्हणतात. 'माझा उंचवटा एवढासा, मग हाड कशाला तोडता?' हा प्रश्न जवळजवळ सगळे विचारतात. हाड उंचवट्यासाठी तोडत नाहीत, उघडं पडलेलं छप्पर मिटवण्यासाठी तोडतात. दोन मिलिमीटर रुंदीच्या छिन्नीने, नाकाच्या आतून किंवा बाहेर टाचणीएवढ्या छेदातून हे होतं. काप फार वर, कपाळाच्या जाड हाडात गेला तर हाडाची खालची बाजू आत दाबली की वरची बाहेर डोकावते. फार खाली गेला तर श्वासाची वाट अरुंद होते.

कूर्चेच्या भागाचं छप्परही बांधून द्यावं लागतं. पडदा आणि वरची कूर्चा यांच्यातला आतला कोन जेमतेम १० ते १५ अंशांचा असतो, आणि नाकातून जाणाऱ्या हवेला सर्वाधिक अडथळा इथेच होतो. कूर्चा सैल सोडल्या तर त्या आत कोसळतात: समोरून हाडाच्या खालच्या कडेला उलट्या व्हीसारखी सावली पडते आणि जोरात श्वास घेतला की नाक चिमटतं. यावर दोन उपाय. वरच्या कूर्चेचा जो थोडा भाग आता जास्तीचा झाला आहे तो आत दुमडून पडद्याला शिवायचा. छोट्या उंचवट्यात कूर्चा लांब असल्या तर हेच पुरतं. नाहीतर पडद्यातून काढलेल्या, सुमारे २० ते २५ मिलिमीटर लांब, तीन मिलिमीटर उंच आणि एक-दीड मिलिमीटर जाड पट्ट्या दोन्ही बाजूंना बसवायच्या, यांना स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात. सल्ल्याच्या वेळी 'उंचवटा काढल्यावर मधलं छप्पर कसं बांधणार?' एवढं एकच विचारलंत तरी समोरच्याची तयारी कळते.

हे सगळं बंद पद्धतीने होतं, तसंच खुल्या पद्धतीनेही, म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर छोटा छेद घेऊन. शेंड्यालाही हात लावायचा असेल तर खुली पद्धत सोयीची. तो व्रण बहुतेकांत वर्षभरात शोधावा लागतो. नुसत्या दांडीसाठी बंद पद्धत पुरेशी आहे. यावरून सर्जनांत वाद चालतात, पण रुग्णाने त्यात फार अडकू नये. ज्या पद्धतीत सर्जनचा हात बसला आहे ती चांगली.

तिसरा रस्ता दांडी न कापता खाली बसवण्याचा, ज्याला हल्ली प्रिझर्वेशन म्हणतात. नवं म्हणून त्याची जाहिरात होते, पण बोस्टनच्या गुडेल यांनी १८९९ मध्येच ती कल्पना मांडली होती, विसाव्या शतकाच्या मध्यावर कॉटल यांनी ती चालवली, आणि २०१८ च्या सुमारास साबान, डॅनियल वगैरे मंडळींमुळे ती पुन्हा चर्चेत आली. यात दांडीचा वरचा पृष्ठभाग अखंड ठेवतात. त्याच्याखालच्या पडद्यातून उंचवट्याएवढी पट्टी काढतात, बाजूची आणि मुळाची हाडं मोकळी करतात आणि अख्खी कमान तेवढी खाली उतरते. बाजूच्या हाडाची छोटी पट्टी काढून जागा केली तर श्वासाची वाट जपली जाते. नुसतं आत ढकललं तर हाड वाटेत येऊ शकतं. छप्पर उघडं पडत नाही, दांडीच्या कडांची नैसर्गिक रेषा टिकते, स्प्रेडर ग्राफ्ट बहुधा लागत नाही. पातळ त्वचा, सरळ नाक, मुळापासून एकसारखा चढणारा छोटा किंवा मध्यम उंचवटा, अशा नाकात याचा निकाल फार सुंदर येतो.

मात्र मूळ आधीच खोल असेल तर ते आणखी खाली जातं. नाक मार लागून वाकडं असेल, हाड रुंद असेल, किंवा उंचवटा मधेच टेकाडासारखा उठलेला असेल तर ही पद्धत अडते. शिवाय कूर्चेचा स्प्रिंगसारखा ताण नीट सोडवला नाही तर उंचवटा काही अंशी परत वर येतो. या पद्धतीची मुख्य तक्रार तीच. मग पुन्हा थोडं घासावं लागतं.

पिएझो ही वेगळी शस्त्रक्रिया नाही, हत्यार आहे. ध्वनिलहरींच्या कंपनाने हाड कापतं आणि मऊ भागाला सहसा इजा करत नाही. काप नेमका येतो, हाडाला नको तिथे भेगा जात नाहीत. पण त्यासाठी त्वचा जास्त उचलावी लागते आणि वेळ वाढतो. दोन मिलिमीटरच्या उंचवट्यासाठी कानस आणि पिएझो यांतला फरक बिलात जास्त दिसतो, नाकात कमी.

फिलरने उंचवटा कमी होत नाही. त्याच्या वर आणि खाली हायल्युरॉनिक ॲसिड भरून रेघ सरळ केली जाते, म्हणजे नाक थोडं मोठंच होतं. मूळ खोल असलेल्यांत छान दिसतं, ०.२ ते ०.५ मिलिलिटर पुरतं, आणि वर्षभराच्या आसपास विरतं. शस्त्रक्रिया नको असलेल्याला 'कसं दिसेल' याचा अंदाज यातून येतो हे खरं. पण धोका लहान समजू नका. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत; फिलर चुकून वाहिनीत गेलं तर त्वचा मरते, आणि दुर्मीळ असलं तरी कायमचं अंधत्व आल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. टोचताना त्वचा पांढरी पडली, तीव्र दुखलं किंवा दिसणं बदललं तर त्याच मिनिटाला थांबून हायल्युरोनिडेज, म्हणजे फिलर विरघळवणारं औषध, द्यावं लागतं. ते औषध खोलीत हाताशी नसेल त्या ठिकाणी नाकात फिलर घेऊ नका. ब्यूटी पार्लरमध्ये तर नाहीच. आधी नाकाची शस्त्रक्रिया झालेल्यांत धोका आणखी वाढतो.

तयारीचं थोडक्यात. पूर्ण शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भुलेत, दीड ते तीन तास चालते. रक्त कमी यावं म्हणून लिग्नोकेन आणि ॲड्रिनलिन टोचतात आणि १०-१५ मिनिटं थांबतात. काही ठिकाणी ट्रॅनेक्सामिक ॲसिडही देतात. सात ते दहा दिवस आधीपासून आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या बंद. ॲस्पिरिन हृदयासाठी चालू असेल तर ती परस्पर बंद करायची नाही, आपल्या डॉक्टरांना विचारायचं. लसणाच्या कॅप्सूल, माशाचं तेल, व्हिटॅमिन ई हे 'औषध नाही' म्हणून सांगायचे राहतात, तेही सांगा. सिगारेट, तंबाखू, मिश्री निदान चार आठवडे बंद. वय मुलींत १५-१६ आणि मुलांत १७-१८ च्या आत नको, नाकाची वाढ पूर्ण व्हावी लागते.

नंतरचा पहिला आठवडा स्प्लिंटचा, म्हणजे नाकावर बसवलेल्या कडक आधाराचा. उशी उंच, डोकं ३० ते ४५ अंशांवर. बर्फ गालांवर आणि डोळ्यांभोवती, नाकावर नाही. ऑस्टिओटॉमी झाली असेल तर डोळ्यांखाली काळं-निळं पडतं आणि १०-१४ दिवसांत ओसरतं. नुसतं घासलं असेल तर बरंच कमी. दोन-तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. चष्मा चार ते सहा आठवडे दांडीवर टेकवायचा नाही. कपाळाला टेपने टांगा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरा. अंगावर येणारे खेळ, कबड्डीसारखे, निदान सहा आठवडे नाहीत, हाड कापलं असेल तर तीन महिने नाहीत. शेंडा काही महिने बधिर आणि कडक राहतो.

स्प्लिंट काढल्या दिवशी आरशात दिसणारं नाक तुमचं नव्हे. ते सुजलेलं असतं, शेंडा वर उचललेला वाटतो. बरीचशी सूज दोन-तीन महिन्यांत जाते, उरलेली वर्षभरात, जाड त्वचेत दीड वर्षही. शेंड्याच्या वर फुगवटा राहिला तर दोन कारणं असतात: तिथली पडद्याची कूर्चा कमी उतरवली गेली, किंवा जास्त उतरवल्यामुळे खाली पोकळी राहून तिथे व्रणाची गाठ झाली. दुसऱ्या प्रकारात पट्टी लावणं आणि ट्रायअमसिनोलोन या स्टेरॉइडचं अगदी थोडं, खोल दिलेलं इंजेक्शन उपयोगी पडतं. वरवर दिलं तर त्वचा पातळ होऊन खळगा पडतो. सुधारणेसाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के सांगितलं जातं, म्हणून पहिल्याच भेटीत पुन्हा घासण्याचा खर्च कोणाचा हे लिहून घ्या. वर्ष पूर्ण व्हायच्या आत मात्र पुन्हा हात लावू देऊ नका.

सर्जन निवडताना प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी, अथवा ईएनटीतली एम.एस. आणि नाकाच्या कामाचा अनुभव बघा. महाराष्ट्रात असाल तर मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी तपासा. फक्त समोरचे फोटो दाखवत असतील तर बाजूचे आणि वर्षानंतरचे मागा. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्यविमा पैसे देत नाही. पडदा खरोखर वाकडा असून श्वास अडत असेल तर तेवढ्या भागाचा दावा वेगळा करता येतो, पण तुमचा श्वास मोकळा आहे, तेव्हा खोटं कारण लिहून देणाऱ्यापासून लांब राहा.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून, म्हणजे मार नाही, श्वास मोकळा, समोरून दिसत नाही, माझा कल असा: आधी मूळ आणि शेंडा तपासून घ्या. ते ठीक असून उंचवटा हाडाचा निघाला तर आतून घासणं पुरे. कूर्चा असली तर भाग सुटे करून उतरवणं, किंवा त्यात मुरलेला सर्जन मिळाला तर प्रिझर्वेशन. उंचवटा एक-दीड मिलिमीटरच असेल आणि तुमच्याशिवाय कुणाला दिसत नसेल तर काहीच न करणं हाही पर्याय आहे. दिवसातून अनेकदा आरशात बघून त्यावरच मन अडकत असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, कारण अशा वेळी नाक बदललं तरी अस्वस्थता बदलत नाही.

लग्न ठरलेलं असेल तर शस्त्रक्रिया आणि मुहूर्त यांत किमान सहा महिने ठेवा. नाकातली चमकी शस्त्रक्रियेआधी काढावीच लागते, कारण रक्त थांबवायला विजेची उपकरणं वापरतात. भोक बुजू नये म्हणून प्लास्टिकची काडी ठेवता येईल का ते आधी विचारा. चमकी पुन्हा घालायची ती सूज उतरल्यावर, सहा आठवड्यांच्या आसपास, सर्जनने पाहून. दाबाची नथ नाकपुडीला चिमटते आणि मोत्यांची टोचलेली नथ वजनाने खाली ओढते, म्हणून दोन्ही तीन महिन्यांआधी नकोत, आणि पहिल्यांदा घालाल ती तासाभरापुरतीच.